ब्रायनला कुणी कळवलं का?

ब्रायन विल्यम्सच्या खिशात बागकामाची खुरपी असते. कुणी चमकून पाहिलं तर तो उलट विचारतो, खुरपी जवळ न बाळगणारा माणूस असतो तरी कसला? मुलाच्या घरी बल्ब बसवायला आलेला हा गृहस्थ. त्याच्याभोवतीच एक निळी पेटी उभी राहते आणि तो थेट डायनासोरांनी भरलेल्या अंतराळयानात जाऊन पोचतो. प्रवास नको, आपलं घर बरं, हा त्याचा आजवरचा खाक्या. त्या भागाच्या शेवटी मात्र तो पेटीच्या दारात पाय खाली सोडून बसलेला दिसतो. थर्मासमधला चहा, सँडविच आणि पायांखाली अख्खी पृथ्वी. बोलत काही नाही. नुसता बघत बसतो.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला हा प्रसंग बीबीसीनं ८ सप्टेंबर २०१२ रोजी दाखवला. दोन आठवड्यांनी, २२ तारखेला, ब्रायन पुन्हा दिसला. त्या भागाच्या अखेरीस मालिकेचा नायक, डॉक्टर, त्यालाही बरोबर चल म्हणतो. ब्रायन म्हणतो, झाडांना पाणी कोण घालणार? आणि मागे राहतो. २९ सप्टेंबरच्या भागात त्याचा मुलगा रोरी आणि सून एमी भूतकाळात फेकले गेले, कायमचे. न्यूयॉर्कच्या दफनभूमीत दोघांच्या नावाचा दगड दिसला. तो ८२ वर्षांचा होऊन वारला, ती ८७ वर्षांची. डॉक्टर रडला, प्रेक्षक रडले, श्रेयनामावली आली.

ब्रायनला कुणी काही सांगितलं नाही.

चुकून राहून गेलं असेल, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. मला ते इतकं साधं वाटत नाही. माणूस घरातून गेला की घरी कळवायचं कुणी? आणि ते कळवणं हा गोष्टीचा भाग की गोष्ट संपल्यावरची कटकट? माझं उत्तर असं की जो नेतो त्यानंच जाऊन सांगावं, आणि जी गोष्ट नेण्याचं कौतुक सांगते तिनं हा प्रसंगही सांगावा. मालिकेच्या चाहत्यांपुरतं हे भांडण नाही, म्हणूनच लिहायला बसलो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा, पण दिसायला माणसासारखा. त्याचं यान टार्डिस: बाहेरून जुन्या काळच्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन पेटीसारखं, आतून अवाढव्य. त्यातून तो कुठल्याही काळात जातो. एकटं फिरणं त्याला मानवत नाही, म्हणून पृथ्वीवरून कुणाला तरी सोबतीला घेतो, बहुतेक वेळा विशीतली मुलगी. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग आला, १९८९ मध्ये मालिका बंद पडली, २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

जुन्या मालिकेनं घरच्यांचा प्रश्न फार सोप्या रीतीनं सोडवला होता. घरचे बहुधा नसायचेच. पहिल्या डॉक्टरबरोबर इयन आणि बार्बरा हे लंडनच्या एका शाळेतले दोन शिक्षक गेले. १९६३ मध्ये नाहीसे झालेले दोघं १९६५ मध्ये परतले आणि बसमध्ये हसतखिदळत बसले, संपलं. मधली दोन वर्षं त्यांना कुणी शोधलं, पगार कधी थांबला, खोलीचं भाडं कुणी भरलं, काही नाही. १९८१ मध्ये टेगन ही हवाई सुंदरी आली. तिची व्हनेसा आँटी तिला विमानतळावर सोडायला निघालेली, वाटेत गाडीचं चाक पंक्चर, भाची मदत शोधत टार्डिसमध्ये शिरते आणि बाहेर खलनायक आँटीला मारून टाकतो. बाई आली आणि गेली. टेगनला मोकळं करायला तिचा उपयोग झाला, एवढंच.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा उभी केली तेव्हा त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. सोबतिणीला आई दिली. आणि नुसती भिंतीवरच्या फोटोत नाही.

जॅकी टायलर लंडनमधल्या पॉवेल इस्टेट नावाच्या सरकारी वसाहतीत राहते. नवरा १९८७ मध्ये गाडीखाली आला. मुलगी रोझ १९ वर्षांची, एका मोठ्या दुकानात कामाला. जॅकी बडबडी, भडक, जरा उथळच. पहिल्या भागात तिच्याकडे आपण हसण्यासाठीच बघतो, आणि लेखकालाही तेच हवं असावं. मग रोझ डॉक्टरबरोबर निघून जाते. पाच अब्ज वर्षं पुढच्या काळातून ती आईला मोबाइलवर फोन लावते. इकडे जॅकी कपडे धुण्याच्या खटपटीत. मुलगी कुठून बोलतेय याचा तिला पत्ताही नाही. घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लापाशी, असं आपण म्हणतो. इथं पिल्लूच आकाशात आणि घार धुण्याच्या यंत्रापाशी.

२००५ च्या त्या नव्या मालिकेतला चौथा भाग. डॉक्टर रोझला घरी घेऊन येतो. त्याच्या हिशेबानं १२ तास झालेत. रोझ जिना चढून वर जाते, आईला काहीतरी थाप मारायच्या तयारीत. दारात जॅकीच्या हातून कप पडतो. खाली डॉक्टरला एक कागद चिकटवलेला दिसतो. रोझचा फोटो, बेपत्ता. १२ तास नव्हे, १२ महिने झालेत. वर्षभर या बाईनं खांबांवर आणि भिंतींवर लेकीचे फोटो लावलेत, रोझच्या मित्राला, मिकीला, पोलिसांनी खुनाच्या संशयावरून चौकशीला नेलंय, आणि जॅकीचाही त्याच्यावरच संशय. एका आकड्याची चूक. डॉक्टरसाठी ती खरोखर एवढीच. जॅकी त्याच्या थोबाडीत मारते, आणि ते अगदी बरोबर करते.

पुढच्या भागात ती त्याला विचारते, माझी मुलगी सुरक्षित आहे का? नेहमी राहील का? शब्द देतोस? नऊशे वर्षांचा, तोंडाळ, सगळं येणारा डॉक्टर गप्प बसतो. मालिकेतल्या त्या काळातल्या कुठल्याही राक्षसापेक्षा मला ते गप्प बसणं जास्त भेदक वाटतं.

भागाच्या शेवटी रोझ पुन्हा निघते. आईला समजावते, अगं, ती टाइम मशीन आहे. विश्वाच्या टोकापर्यंत जाऊन आले तरी इथं दहा सेकंदच झालेले असतील. टार्डिस घरघरत नाहीशी होते. जॅकी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहते. दहा सेकंद जातात. ती तेवढंच म्हणते, दहा सेकंद. आणि वळून चालू लागते.

आता हरकतींकडे येतो, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली हरकत अशी की ही शनिवारी संध्याकाळी घरातल्या पोरांनी बघायची साहसकथा आहे. प्रत्येक भागात आया रडू लागल्या तर डायनासोर कधी येणार? दुसरी जास्त वजनदार. एमी आणि रोरीच्या शेवटाला जो घाव बसतो तो कथा तिथं तुटते म्हणून. त्यानंतर डॉक्टर ब्रायनच्या दारात उभा राहिला असता तर घाव बोथट झाला असता. मांडणीची काटकसर म्हणतात ती हीच. २०१२ मध्ये मालिकेची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्या स्टीव्हन मॉफॅट यांची रचना घट्ट असते, त्यात सैल धागा खपत नाही.

पहिल्या हरकतीला जॅकीचं घड्याळ हेच उत्तर आहे. त्या दृश्याला पडद्यावर लागले दहा सेकंद. एलियन कमी झाले नाहीत, पळापळ कमी झाली नाही, आणि मुलांनी टीव्ही बंदही केला नाही. काळात फिरणाऱ्या माणसाच्या मालिकेनं वेळ नव्हता असं म्हणावं, यावर काय बोलणार?

दुसऱ्या हरकतीचं उत्तर मालिकेनं स्वतःच देऊन ठेवलंय. २२ सप्टेंबरच्या त्या भागात ब्रायन डॉक्टरला नेमका हाच प्रश्न विचारतो: याआधी जे तुझ्याबरोबर गेले त्यांचं काय झालं? डॉक्टर सांगतो की काही मला सोडून गेले, काही मागे राहिले, आणि थोडे, फार नाहीत, मेले. पण यांचं तसं होणार नाही, ब्रायन, यांचं कधीच नाही. म्हणजे सगळं तोंडी ठरलं होतं. बापानं विचारलं, नेणाऱ्यानं शब्द दिला. त्याच भागात हा बाप एक गूढ काळा ठोकळा दिवसेंदिवस निरखत बसतो आणि रोज ‘ब्रायनची नोंदवही’ म्हणून कॅमेऱ्यासमोर दिवस मोजून सांगतो. वाट बघण्यात, हजेरी मांडण्यात इतका पक्का माणूस लेखकानं आपल्याला जवळून दाखवला, त्याच्यावर जीव लावायला लावला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. धागा घट्ट ओढायचा होता तर तो आधी काढायचाच नव्हता. एमीचे आईवडीलही असेच. काळाच्या भेगेत हरवलेले ते २०१० मध्ये परत मिळाले, तिच्या लग्नात दिसले, आणि मग गेले ते गेलेच.

ब्रायननं पुढं करायचं तरी काय होतं? पोलिसांत जाऊन, मुलगा पुढं कुठं नाही, मागं गेलाय, असं सांगायचं? ज्या घरातल्या झाडांना तो पाणी घालतोय ते घरच डॉक्टरनं २०११ मध्ये त्या दोघांना भेट दिलेलं. कागदपत्रं कुणाकडे, देव जाणे. यावर हसू येतं, पण ज्या देशात ही मालिका बनते तिथला कायदा नेमक्या त्याच वर्षांत हे शिकत होता. बेपत्ता माणूस मृत मानण्यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच सरळ वाट २०१३ च्या कायद्यानं आखली, आणि ती ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाली. सात वर्षं माणूस जिवंत असल्याचं कळलं नाही तर नातेवाईक न्यायालयाकडे जाऊ शकतात. पण सात वर्षं घराचे हप्ते, बँकेचं खातं, विजेचं बिल थांबत नाहीत. त्यासाठी २०१७ मध्ये आणखी एक कायदा झाला. आता ९० दिवसांनंतर घरच्या माणसाला बेपत्ता व्यक्तीचा कारभार पाहण्यासाठी पालक नेमून घेता येतं. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा कुठं हे झालं. मागे राहिलेला माणूसही या प्रकरणातला पक्षकार असतो, हे संसदेला पटवावं लागलं. गोष्टीला ते आधी कळायला हवं होतं, आणि २००५ मध्ये कळलंही होतं. म्हणून २०१२ चं विसरणं जास्त खटकतं.

घरी राहिलेला म्हणजे नुसता खिडकीत बसून वाट बघणारा, असंही नाही. डॉक्टरची आणखी एक सोबतीण डोना नोबल, तिचे आजोबा, विल्फ, टेकडीवर दुर्बीण आणि चहा घेऊन बसतात. ही भूमिका बर्नार्ड क्रिबिन्स यांच्याकडे आली ती अपघातानंच. २००७ च्या नाताळच्या भागातला साधा पेपरविक्या होता तो. पण डोनाच्या वडिलांचं काम करणारे नट हॉवर्ड अ‍ॅटफील्ड वारले आणि पेपरविक्याला आजोबा केलं गेलं. पुढं डोनाच्या सगळ्या प्रवासाच्या आठवणी पुसल्या जातात. आठवलं तर ती मरेल. म्हणजे आपल्या नातीनं विश्व वाचवलं हे आजोबांना ठाऊक आणि नातीला नाही. आयुष्यभर ते तोंडातून निघता कामा नये. डोनाच्या वाटचं रोज रात्री मी आकाशाकडे बघेन, असा शब्द ते डॉक्टरला देतात. साहस तिचं आणि ओझं त्यांचं. इथं मात्र एक गोष्ट डॉक्टरच्या बाजूनं लिहायला हवी. डोनाला तो स्वतः उचलून घरी आणतो, दारात उभा राहून आईला आणि आजोबांना सगळं सांगतो, त्यांचे शब्द ऐकून घेतो, आणि पावसात भिजत परत जातो. म्हणजे त्याला हे जमतं.

आणि आमच्याच उपखंडातली एक आजी. यास्मिन खान ही डॉक्टरची पुढची एक सोबतीण, शेफील्डची पोलीस शिपाई. तिची नानी उंब्रीन. नानी तिला एक बंद पडलेलं घड्याळ देते आणि बजावते, हे दुरुस्त करायचं नाही. का, ते सांगत नाही. यास्मिन डॉक्टरला गळ घालून १९४७ च्या ऑगस्टमध्ये पंजाबात जाते आणि बघते तर नानीचं पहिलं लग्न प्रेम नावाच्या हिंदूशी लागतंय, नवी सरहद्द त्यांच्या शेतातून जातेय, आणि प्रेमचाच धाकटा भाऊ मनीष जमाव घेऊन येतोय. विनय पटेल यांनी लिहिलेला हा भाग ११ नोव्हेंबर २०१८ ला आला. त्यात दोन परग्रहवासी आहेत. आधी मारेकरी वाटतात, मग कळतं की एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहणं हे त्यांनी व्रत म्हणून घेतलंय. प्रेम मारला जातो तेव्हा तेच तिथं असतात. ज्या नानीला आपण सोफ्यावर बसलेली, तिरकस बोलणारी म्हातारी समजत होतो तिनं यानात पाऊल न ठेवता एवढा काळ पार केलेला. त्या वेळी मालिकेची सूत्रं ख्रिस चिबनॉल यांच्याकडे होती. ब्रायनला जन्म देणारे लेखक तेच.

आमच्या इमारतीत एक काका राहतात. मुलगा कॅनडात. टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात मुलाचा जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो, कारण त्यात त्याचं इथलं सिम आहे आणि इथल्या बँकेचे ओटीपी त्यावर येतात. काका न चुकता रिचार्ज मारतात. रात्री दोनला फोन वाजतो, बाबा, आला का? काका चष्मा शोधतात, कपाट उघडतात, आणि सहा आकडे एकेक करून, दोनदा, मोठ्यानं वाचतात. गेल्या वर्षी त्या मुलाचं ऑपरेशन झालं. घरी कळलं महिन्याभरानं, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. उगाच काळजी कराल म्हणून सांगितलं नाही, असं तो म्हणाला. काका माझ्याकडे येऊन बसले आणि एवढंच बोलले, ‘अरे, काळजी करायची का नाही ते आम्ही ठरवू ना.’

हे वाक्य मी ब्रायनच्या वतीनं मांडतोय, असं समजा. काळजी नको म्हणून न सांगणं हे दिसायला प्रेमळ असतं, पण त्यात समोरच्याला हिशेबातून वगळलेलं असतं.

आपण शाळेत ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ छाती काढून म्हणतो. ‘मग माझ्या रायबाचं’ हा तुकडा आपसूक हळू होतो. १६७० च्या फेब्रुवारीत गड आला आणि तानाजी गेले. मांडव घालायच्या बेतात असलेल्या घरी ती बातमी कुणी नेली असेल? इतिहासाचं इतिहासकार बघतील. पण आपल्याकडे परंपरेनं सांगतात ती गोष्ट तिथं तुटत नाही. महाराज स्वतः जातात आणि रायबाचं लग्न लावून देतात. शाहीर आणि आज्या यांना मांडणीची काटकसर ठाऊक नसेल असं कुणी म्हणू नये. त्यांना एवढं माहीत होतं की ज्यानं कामगिरीवर धाडलं तो त्या घरी गेल्याशिवाय ऐकणाऱ्याला झोप येणार नाही.

बीबीसीलाही ते माहीत होतं. कारण ब्रायनसाठीचा प्रसंग लिहून तयार होता. चिबनॉल यांनीच लिहिला, पण चित्रित झाला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सगळं संपल्यावर, तो चार-पाच मिनिटांच्या रेखाचित्रांच्या रूपात इंटरनेटवर टाकण्यात आला. नट नाहीत, सेट नाही, पेन्सिलीची चित्रं आणि रोरीचं काम करणाऱ्या आर्थर डार्व्हिलचा आवाज. ज्यांना माहीत होतं त्यांनी शोधून पाहिला. शनिवारी टीव्हीसमोर बसलेल्यांच्या लेखी ब्रायन अजून पाणीच घालतोय.

त्या चित्रांत बेल वाजते. दारात एक परका माणूस, साठी उलटलेला, हातात पत्र. पत्र रोरीचं. बाबा, आम्ही परत येऊ शकत नाही, आम्ही इथं नीट जगलो, आणि १९४६ मध्ये आम्ही एक मूल दत्तक घेतलं. पत्र घेऊन आलेला माणूस तोच. नाव अँथनी ब्रायन विल्यम्स. आजोबा आणि नातू दारात समोरासमोर उभे, दोघंही जवळपास एकाच वयाचे. ब्रायन हात पुढं करतो. अँथनी त्याला मिठी मारतो.